औषधाचाही हिशेब ठेवू या

आम्ही बिरवाडीच्या बचत गटातल्या बाया. एरवी आम्ही हप्ते, व्याज आणि पापडाच्या भावावर बोलतो. आज औषधाच्या हिशेबावर बोलणार आहोत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मैत्रिणीच्या बाळाला रात्री ताप भरला. बाळ १० किलोचं. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पॅरासिटामॉलच्या मोठ्या बाटलीतलं ६ मिली औषध ती देत असे. ती बाटली संपली होती, म्हणून शेजारून छोटी बाटली आणली. औषध तेच, म्हणून तेवढंच मोजलं. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी लेबल वाचलं आणि तिचा हात धरला. ती बाटली थेंबांची होती!

आता हिशेब बघा. या औषधाचं साधारण माप वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम. १० किलोला १५० मिलिग्रॅम. मोठ्या बाटलीवर लिहिलेलं असतं, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलीत २५. १५० भागिले २५, उत्तर ६ मिली. काही बाटल्यांत ५ मिलीला २५० असतं, तिथे ३ मिली पुरतं. थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. तिथे दीड मिली बस्स. आमच्या मैत्रिणीने ६ मिली दिलं असतं, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं असतं. चौपट!

झाला मापाचा हिशेब. दुसरा हिशेब वेळेचा, आणि तो आपल्या कर्जासारखाच आहे. समजा, डोक्यावर ८०० रुपये आहेत आणि दर हप्त्याला उरलेल्यातलं निम्मं फिटतं. ८०० चे ४००, मग २००, मग १००. औषधही शरीरातून असंच उतरतं. पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्मं होतं. तीन तास धरले तर ५०० ची गोळी तीन तासांनी २५०, सहा तासांनी १२५. जुनं फिटायच्या आत नवं उचललं की थकबाकी वाढते. ताप उतरला नाही म्हणून दोन-दोन तासांनी डोस दिले, तर हा बोजा यकृतावर पडतो. म्हणून दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवायचं, दिवसात चारच्या वर नाही. औषधाची ही फेड यकृत आणि मूत्रपिंड करतात. ज्या आजींचं मूत्रपिंड अशक्त आहे, त्यांची काही औषधं हळू फिटतात. म्हणून डॉक्टर त्यांना डोस कमी देतात किंवा अंतर वाढवतात.

या दोन्ही हिशेबांनी माणसं कशी वाचतात, ते आपल्याच बिरवाडीने पाहिलं आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावला की दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी. गंभीर रुग्णांत १०० पैकी २५ ते ३० दगावत. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी वापरून पाहिली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. मुलांना माप दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. १० किलोच्या मुलाला ३००, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग. ही गोळीही दोन-तीन तासांत निम्मी होते, म्हणून हातपाय गरम होईपर्यंत ती तीन-तीन तासांनी द्यायची. मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

पण ही गोळी घरी द्यायची नाही हो! तिने रक्तदाब एकदम उतरतो, रुग्णाला आडवं ठेवावं लागतं. विंचू चावला की मंत्र-झाडपाल्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. उशीर झाला तर नुसत्या बरोबर मापाने भागत नाही.

मग आपण काय करायचं? अंगणवाडीत बाळाचं वजन झालं की आकडा कार्डावर बघून ठेवायचा आणि डॉक्टरांना सांगायचा. नवी बाटली आली की १ मिलीत किती मिलिग्रॅम, ते वाचायचं. घरातल्या चमच्याने मोजायचं नाही. कोणाचा चमचा लहान, कोणाचा मोठा. बाटलीसोबतचं मापच वापरायचं. दिलेल्या डोसाची वेळ लिहून ठेवायची, म्हणजे सासूबाईंनी दिलेला डोस आई पुन्हा देणार नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नाही.

डोस डॉक्टरच ठरवतील, पण तो ताळून बघणं आपल्या हातात आहे. पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या बाया आपण, मिलीचा हिशेब आपल्याला जड नाही. पुढच्या बैठकीला घरातली एकेक बाटली घेऊन या, लेबलं मिळून वाचू.