पिपा आली



मागच्या हिवाळ्यात मी लेकीकडे सॅन दिएगोला होते. ३१ वर्षं नगरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अमेरिकेत काम ते काय? नातवाचा डबा भरायचा, दुपारी खिडकीशी बसून रस्त्यावर एखादं माणूस दिसतंय का पाहायचं, आणि रविवारी लेक-जावयाबरोबर चर्चला जायचं. अशाच एका रविवारी उपासना झाल्यावर पाळकांनी जाहीर केलं, की फेब्रुवारीत चार दिवस तिहुआनाला जायचंय. तिथल्या एका कुटुंबाला घर बांधून द्यायचं आणि वस्तीतल्या मुलांचा बायबल वर्ग घ्यायचा. लेकीचं नाव यादीत होतंच. तिने त्याखाली माझंही घातलं. म्हणाली, "आई, तुला मुलं सांभाळायची सवय आहे."

तिहुआना मेक्सिकोत आहे, पण लेकीच्या घरापासून गाडीने अर्धा तास. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. आम्ही २२ जण. माणशी ३५० डॉलर आणि सगळ्यांना नारिंगी रंगाचे सारखे टी-शर्ट. मी तो साडीवर स्वेटरसारखा चढवला. कशी दिसत होते ते विचारू नका.

जाताना सरहद्दीवर कोणी फारसं अडवत नाही. खरी रांग परत येताना लागते. पलीकडे गेलात की शहर टेकड्यांवर चढत जातं, आणि जितकं वर जाल तितका रस्ता कच्चा होत जातो. माती घसरू नये म्हणून जुने टायर एकावर एक रचून त्यांत माती ठासलेली. टायरच्याच पायऱ्या. आणि घरांच्या भिंती म्हणजे कॅलिफोर्नियातली गॅरेजची जुनी दारं. अमेरिकेत लोक गॅरेजचं दार बदलतात, जुनं सरहद्द ओलांडून इथे विकायला येतं आणि कुणाच्या तरी खोलीची भिंत होतं. ज्या घरासमोर आमचा वर्ग भरायचा, त्याच्या भिंतीला अजून मूठ होती, कुलपाचं भोकही होतं. त्या घरातल्या आजीने मुठीला कांद्यांची पिशवी अडकवली होती.

माझ्याकडे मणी आले. काळा, लाल, पांढरा, हिरवा, सोनेरी. आमच्या संडे स्कूलमध्ये वाढलेल्यांना हे रंग सांगायला नकोत: पाप, रक्त, शुद्धता, वाढ, स्वर्ग. मुलांनी ते दोरीत ओवायचे आणि मनगटाला बांधायचे. मला स्पॅनिश येत नाही, म्हणून मी नुसती दाखवत होते. पहिलाच मणी मी लाल घेतला. समोर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिने माझ्या हातातून तो काढून घेतला, काळा ठेवला, मग लाल, मग पांढरा, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात चुकणाऱ्याकडे बघायचे. मग बाही वर करून तिने मनगट दाखवलं. तिथे आधीच असे तीन गोफ होते. एकाचे रंग उडालेले.

गाण्यांचंही तेच. आमचा गिटारवाला मुलगा मोठ्या उत्साहाने इंग्रजी गाणं शिकवायला उभा राहिला, आणि मुलांनी ते हातवाऱ्यांसकट त्याच्या आधीच म्हणून टाकलं. गालावर फुलपाखरू काढायला बसलेल्या पोरींना कुठला रंग नीट बसतो हे आमच्या चित्रकार बाईपेक्षा जास्त कळत होतं. त्या टेकडीवर असे गट येतच असतात. हा गट चार दिवसांत जाणार हेही त्या मुलांना ठाऊक होतं. पाहुण्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून शेवटच्या दिवशी कसं बिलगायचं, तेही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खालून भोंगा ऐकू आला आणि सगळी मुलं उठली. मणी उधळले, रंगाची वाटी कलंडली. आमच्या गटप्रमुख बाई "सिट, सिट" करत राहिल्या. कोणीतरी ओरडलं, "पिपा! पिपा!"

मला त्या शब्दाने जागच्या जागी उभं केलं. पिपा म्हणजे पाण्याचा टँकर. आपल्याकडे पाणी साठवायचं पिंप असतं ना, ते पिंप आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळालं, आणि तेच पिपा मेक्सिकोत टँकर होऊन टेकडी चढत होतं. टँकर आल्यावर काय करायचं हे नगर जिल्ह्यातल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी मणी तिथेच टाकले आणि मुलांच्या मागे धावले. धावले म्हणजे, या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं.

घराघरापुढे दोनशे लिटरची निळी पिंपं. त्याला तिथे तांबो म्हणतात. तांबो! आपला तांब्या कितीही वाढला तरी दोनशे लिटरचा होणार नाही. टँकरवाला पाइप ओढत एकेका दाराशी जातो, पिंप भरतं, पैसे हातावर पडतात, आणि पुढचं दार. ज्या घरी माणूस नाही ते राहून जातं. म्हणून शाळेत न गेलेलं एखादं पोर घरी ठेवलेलं असतं, आणि नेमकी तीच पोरं आम्ही आमच्या वर्गात बसवली होती. आया कारखान्यांत. तिहुआनात टीव्हीपासून वैद्यकीय उपकरणांपर्यंत वस्तू जोडणारे परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यांना माकिलादोरा म्हणतात. तिथे पाळी असताना टँकरसाठी कोण घरी येतं?

माझी ती मणीवाली मुलगी आधी पिंपाचं झाकण काढून आत वाकली. तळाचा गाळ हाताने काढला, चिंधीने पुसलं, मग तोंडावर फडकं बांधलं. मी फडक्याचं दुसरं टोक धरलं. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि काही अडलंही नाही. पिंप भरल्यावर तिने मुठीतल्या नोटा मोजून दिल्या, उरलेली नाणी दोनदा मोजली. एक कमी होतं. ती टँकरवाल्याशी भांडली आणि ते घेऊनच आली.

परत आलो तर गटप्रमुख बाई नाराज होत्या. कार्यक्रमाचा अर्धा तास गेला होता. त्या वाईट नव्हत्या हो. महिनाभर खपून त्यांनी हे सगळं जमवलं होतं, पदरचे पैसे घातले होते. फक्त त्यांच्या वेळापत्रकात टँकर नव्हता.

संध्याकाळी लेकीशी बोलताना मी इव्हान इलिच यांचं नाव काढलं. बी.एड.ला असताना त्यांचं शाळांवरचं पुस्तक अभ्यासाला होतं. हे व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू, मेक्सिकोत कुएर्नावाका इथे राहायचे. एप्रिल १९६८मध्ये मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांची बैठक होती. भाषणाला बोलावलं इलिच यांना, आणि त्यांनी त्या मुलांना तोंडावर सांगितलं, की मेक्सिकोत या, पाहा, डोंगर चढा, शिका. पण मदत करायला येऊ नका. यजमानांचे चेहरे कसे झाले असतील! लेक म्हणाली, "मग काय, घरीच बसायचं?" प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून पुरतं नाही.

हिशेबाचं मात्र सांगते. १९९८मध्ये होंडुरास देशात मिच वादळाने हाहाकार केला, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट तिथे घरं बांधायला लोटले. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्याचा अभ्यास केला. हे स्वतः ख्रिस्ती कॉलेजातले प्राध्यापक, म्हणजे बाहेरचा टीकाकार नव्हे. पाहुण्यांचा प्रवासखर्च धरला तर त्यांनी बांधलेलं घर सुमारे ३० हजार डॉलरला पडलं. तसलंच घर तिथली संस्था २ हजारांत बांधत होती. आणि घर कोणी बांधलं यावरून त्यात राहणाऱ्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला आढळला नाही. एका घराच्या पैशांत पंधरा. हे ऐकून जावई गप्प बसले, ते हिशेबनीस आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बाई फुकटची टीका करतेय. तर माझं सांगते.

माझी पणजी १९००च्या दुष्काळातली. कुठल्या गावची, आईबाप कोण, तिला सांगता येत नव्हतं. पाच-सहा वर्षांची असताना कोणीतरी तिला मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात सोडलं. त्या वर्षी 'ख्रिश्चन हेराल्ड' या अमेरिकन साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली होती, आणि 'क्विटो' नावाची मक्याने भरलेली आगबोट न्यूयॉर्कहून मुंबईला आली होती. आमच्या घरात म्हणायचे, आपण मक्यावर वाचलेली माणसं. पणजीने मात्र नंतर जन्मभर मक्याचं कणीस तोंडाला लावलं नाही. तिहुआनात त्या कांदेवाल्या आजीने मला तव्यावरची मक्याची गरम तोर्तिया दिली तेव्हा मला तिची आठवण झाली. मका मुळात याच देशातला.

पणजी सांगायची, तिचा फोटो दोनदा काढला. एकदा आल्या आल्या, बरगड्या दिसत असताना, आणि एकदा वर्षाने, झगा घालून. दोन्ही मिशनच्या अहवालात शेजारीशेजारी छापायला. दुसऱ्या वेळी तिला हस म्हणाले आणि ती हसली नाही, म्हणून पुन्हा उभं केलं. सत्तरी उलटली तरी ती हे रागाने सांगे. आणि त्याच दमात सांगे, की आश्रमातल्या मिससाहेबांनी तिला वाचायला शिकवलं, तापात रात्ररात्र उशाशी बसल्या. राग आणि माया, दोन्ही तिच्यापाशी होतं. एकाने दुसरं कधी पुसलं नाही.

कारण मिससाहेब राहिल्या. आमच्या नगरची मिशनरी सिंथिया फॅरारच बघा. १८२७मध्ये बोस्टनहून निघून मुंबईला उतरली, १८३९मध्ये नगरला आली, १८६२मध्ये नगरलाच वारली. मुलींना मराठीतून शिकवलं. जोतीराव फुले तिची शाळा पाहायला आले होते, सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले. त्या काळच्या मिशनऱ्यांना आपल्या लोकांबद्दल काय काय वाटायचं ते त्यांच्याच पत्रांत आहे, वाचून डोकं तापतं. पण ज्या बाईला गावात पाणी कधी येतं हे ठाऊक असतं, ती वर्ग अकराला ठेवत नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे नारिंगी शर्ट उन्हात, गिटार चालू, आणि गिटारवाल्याने मला म्हटलं, त्या मुलीला कडेवर घ्या, फोटो काढतो. मी नाही घेतली. म्हटलं, गुडघे दुखतात. ते खरंही होतं.

शेवटच्या दिवशी घर उभं राहिलं. सोळा बाय वीस फुटांचं, लाकडी, निळा रंग. रीत अशी, की किल्ली त्या घरच्या बाईच्या हातात द्यायची, तिने मुलांना घेऊन एकटीने आत जायचं, आणि आपण बाहेर गाणं म्हणत थांबायचं. ती गेली. दार आतून लावलं. आमचं गाणं संपलं, दुसरं झालं, तिसरं झालं. दार उघडेना. आमच्यातल्या एकीचे डोळे भरून आले, तिला वाटलं बाई आत रडत असेल. मला वाटलं, बिचारी जरा बसली असेल. लावता येईल असं दार तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

दहा-बारा मिनिटांनी ती बाहेर आली. सगळ्यांचे हात हातात घेतले, आभार मानले, प्रार्थनेला उभी राहिली. मग घराला फेरी मारून आली, वर छपराकडे बघितलं आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या अडखळला. ती विचारत होती, पन्हळ कुठाय? तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, तेव्हाही आभाळ भरलेलं होतं. छपराचं पाणी पन्हळीने पिंपात पडलं तर टँकरचे तेवढे पैसे वाचतात. आमच्या नकाशात पन्हळ नव्हती. शेजारचा सुतार हसला आणि म्हणाला, गुरुवारी लावतो. सामानाचे पैसे जावयांनी त्याच्या हातात दिले, कोणी फोटो काढला नाही.

परत येताना सरहद्दीवर तीन तास रांगेत होतो. गाड्यांमधून पोरं च्युइंग गम विकत होती. माझ्या मनगटावर गोफ होता, रंग बरोबर क्रमाने. त्या मुलीनेच बांधला होता.

पुढच्या वर्षीचं काय, ते त्यांच्या चर्चमध्ये अजून ठरायचंय. काही जण म्हणतात माणसं कमी आणि पैसे जास्त पाठवू. काही म्हणतात, आपली मुलं गेलीच नाहीत तर त्यांना कळणार कसं? दोघांचंही मला पटतं, त्यामुळे मी मत देत नाही. मी स्पॅनिशचं एक पुस्तक घेतलंय, रोज सकाळी पाच शब्द. सध्या आकड्यांवर आहे.

परवा लेकीचा फोन आला. नेहमी नातवाची परीक्षा आणि तिकडची थंडी सांगते. या वेळी आधी म्हणाली, "आई, पिपाचा भाव वाढलाय."