संगणक खोलीची किल्ली

(गिंडी, चेन्नई इथे नोकरी करणाऱ्या मराठी पदवीधरांच्या रविवारच्या बैठकीतलं भाषण)

 

आपण इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहोत. म्हणून विचारतो, तुम्ही संगणकाला पहिल्यांदा हात कधी लावला? मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. शाळेत दहा संगणक होते, पण खोलीला कुलूप. तपासणीला साहेब आले की ते उघडायचं. आम्ही चपला बाहेर काढून रांगेनं आत जायचो आणि प्लास्टिकची कव्हरं बघून परत यायचो. कॉलेजात एका मशीनवर तिघं. ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता, माउस त्याच्या हातात. बाकीचे दोघं वहीत उतरवून घ्यायचो. कमांड पाठ झाल्या, बोटांना की-बोर्ड काही कळला नाही.

बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर तळं खुलं झालं होतं. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. शाळेच्या दप्तरी 'संगणक : १०' अशी नोंद असते, तेव्हा मला हे आठवतं.

गेल्या वर्षी आम्ही पाच-सहा जणांनी इथल्याच एका शाळेत वीस जागांची संगणक खोली उभी केली. ती कशी केली ते सांगतो, कारण हे तुम्हालाही गावी करता येईल.

या पद्धतीला थिन क्लायंट म्हणतात. एक दमदार संगणक घ्यायचा, तो सर्व्हर. बाकावरच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क लागत नाही. बटण दाबलं की ते केबलमधून सर्व्हरला हाक मारतं आणि सगळी प्रणाली तिथूनच घेऊन सुरू होतं. मुलांच्या फाइलीही सर्व्हरवरच राहतात. यासाठीचं एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, १९९९ पासून आहे आणि फुकट आहे. बाकावरचं मशीन अगदीच अशक्त असेल, तर प्रोग्रॅमही सर्व्हरवर चालवायचे. त्यात चार जीबी रॅम असेल, तर ते स्वतःचं काम स्वतः करतं आणि सर्व्हरवरचा भार कमी होतो.

चेन्नईला हा विचार नवा नाही. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि मुंबईचे उद्योजक राजेश जैन यांच्या पुढाकारातून आलेली नोव्हेटियम ही कंपनी याच शहरातली. मोबाइलच्या जातीची स्वस्त चिप वापरून तिनं असलं मशीन बनवलं होतं. दलित समाजातून आलेले सनदी अधिकारी सी. उमाशंकर 'एल्कॉट' या तमिळनाडू सरकारच्या कंपनीचे प्रमुख होते, तेव्हा त्यांनी सरकारी कामात आणि शाळांत लिनक्सचा आग्रह धरला. परवान्याचे पैसे वाचले तर त्यातून आणखी मशीन येतात, हा साधा हिशेब.

आता आमचा हिशेब. गिंडीच्या आसपासच्या कंपन्या काही वर्षांनी जुने संगणक काढून टाकतात. ते द्यायला त्या कचरतात, कारण डिस्कमध्ये त्यांची माहिती असते. आम्ही म्हटलं, डिस्क तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला नकोच आहे. काम झालं. उरलेलं सामान रिची स्ट्रीटवर मिळालं. आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे.

पैसे तीन ठिकाणी वाचवू नका. पहिलं, सर्व्हरची रॅम. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवणार असाल, तर ब्राउझर उघडणाऱ्या एका मुलामागे साधारण एक जीबी धरा. वीस मुलांना बत्तीस जीबी बरी. दुसरं, गिगाबिट स्विच आणि चांगली केबल. वायफायवर हे सुरू करण्याच्या फंदात पडू नका. तिसरं, सर्व्हर आणि स्विचला यूपीएस, आणि सर्व्हरमध्ये एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क. आणि सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. डिसेंबर २०१५ ला अड्यार नदीचं पाणी कुठवर आलं होतं, ते इथे कुणालाही विचारा.

मला यातली आवडणारी गोष्ट पैशांची नाही. आपल्या शाळांत एक मशीन चांगलं असतं आणि नऊ रडतखडत चालतात. चांगलं कुणाला मिळतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे मुलीनं आपलं नाव आणि पासवर्ड घातला की तिचं काम वीसपैकी कुठल्याही पडद्यावर उघडतं. मशीन बिघडलं तर ती शेजारच्या बाकावर बसते. कुठलीच जागा कुणाच्या मालकीची नाही. हळू चाललं तर सगळ्यांचं हळू चालतं.

खाती उघडताना आणखी एक कळलं. इथली मुलं नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, आडनाव नसतं. जातीची नावं टाकून द्या, हे स्वाभिमान चळवळीनं १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत ठरवलं होतं. आपल्याकडे पडद्यावर आडनाव आलं की मास्तरांना सगळं कळतं. गावी हे कराल तेव्हा खात्याला आडनाव देऊ नका.

आता आमची चूक. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हर बंद पडला. मुख्य पासवर्ड एकट्या माझ्याकडे, आणि मी लग्नासाठी लातूरला. आठ दिवस वीस पडदे काळे. शाळेनं खोलीला कुलूप लावलं. परत आलो तर बिघाड दहा मिनिटांचा निघाला. पण कुलूप पाहून मी खजील झालो. लहानपणी मी ज्या दाराबाहेर उभा होतो, तसंच दार मी बांधलं होतं, आणि यावेळी किल्ली माझ्या खिशात होती.

त्यानंतर पासवर्ड बंद पाकिटात शाळेत ठेवला. एक शिक्षिका आणि नववीच्या चार मुली यांना सगळं शिकवलं : केबलला कनेक्टर बसवणं, बॅकअप घेणं, सर्व्हर बंद-चालू करणं. पायऱ्या तमिळमध्ये लिहून भिंतीवर लावल्या. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "अण्णा, माझ्याकडून बिघडलं तर?" मी म्हटलं, बिघडव, मग आपण दोघं दुरुस्त करू. मला हे कुणी म्हटलं नव्हतं. आता लहानसहान बिघाडाला आम्हाला फोन येत नाही. कधीकधी थोडं वाईट वाटतं, पण तसंच व्हायला हवं होतं.

तुम्ही सुट्टीत गावी जाल. आपल्या जुन्या शाळेत एक चक्कर मारा. संगणक किती आहेत हे विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलं असतं. किल्ली कुणाकडे असते आणि काल खोली किती वेळ उघडी होती, ते विचारा. तिथून कामाला लागा. मशीन कमी पडली तर मला सांगा, गिंडीत ती मिळतात.

जय भीम.