ठरलेला वार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वाढदिवस. अशा शुभदिनी चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूल, शेत आणि लेकरे यांच्यापलीकडे सभेत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा काही उणेअधिक झाले तर पोटात घाला.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळात एक सूचना आली. दर शनिवारची बैठक बंद करून महिन्यातून एकदाच बसावे, अशी ती सूचना होती. ती आणणाऱ्या बायांना मी नावे ठेवीत नाही. मिरचीची तोडणी, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, यांत बाईच्या जिवाला उसंत कुठे असते? तरीपण मला त्यावर काही सांगायचे आहे.

मागे मी शहरात माझ्या धाकट्या भावाकडे गेले होते. त्याचे औषधाचे दुकान आहे आणि तो तेथील एका रोटरी क्लबाचा सभासद आहे. क्लब म्हटले की तेथे पत्ते कुटतात, असा माझा समज. पण भाऊ म्हणाला, "अक्का, आज घरच्या माणसांनाही बोलावणे आहे, चल." मी नवे लुगडे नेसून गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले.

मी काय पाहिले ते सांगते. वेळ झाली तशी अध्यक्षांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली आणि बोलणे थांबले. सेक्रेटरींनी मागच्या आठवड्याचे काम वाचले, खजिनदाराने हिशेब सांगितला. उशिरा आलेल्यांकडून हसतखेळत दंड घेतला. मग एका डॉक्टरांचे भाषण झाले, पुढच्या कामाची वाटणी झाली आणि पुन्हा घंटा वाजली. सारे मिळून एक तास. डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळे एका ओळीत बसलेले. मी भावाला विचारले, "एखादा आठवडा चुकला तर?" तो म्हणाला, "पूर्वी दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती हजेरी भरून काढावी लागे."

या संस्थेची सुरुवात फार लहान आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस नावाचे वकील आपल्या तीन मित्रांसह एका कचेरीत बसले. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीचा इंजिनिअर आणि एक शिंपी. पुढची बैठक दुसऱ्याच्या जागी, त्यापुढची तिसऱ्याच्या, असे पाळीपाळीने बसत म्हणून नाव पडले रोटरी. मुंबईत असा क्लब १९२९ साली निघाला.

आता त्यांचे पहिले लोकोपयोगी काम कोणते, सांगा बरे? मला वाटले, दवाखाना किंवा शाळा असेल. नव्हे बायांनो, ते होते सार्वजनिक संडास! १९०७ च्या सुमारास त्यांनी ते काम हाती घेतले. विरोध कोणी केला? दारूच्या धंदेवाल्यांनी आणि बड्या दुकानदारांनी. लोक त्या निमित्ताने त्यांच्याकडे शिरत आणि काहीबाही विकत घेत, ते गिऱ्हाईक जाणार होते. पण ही मंडळी पुन्हा पुन्हा तोच विषय काढीत राहिली आणि काम तडीस नेले.

हे ऐकले तेव्हा मला आपल्या गावच्या रस्त्याकडेचा संडास आठवला. बाहेरगावची एक मंडळी आली, बायांसाठी खोली बांधली, नारळ फोडला, फोटो काढला आणि गेली. दार रस्त्याच्या तोंडावर, पाणी नाही, किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही. कोणती बाई तेथे जाईल? त्यांची भावना वाईट नव्हती. पण त्यांनी आपल्याला विचारले नाही. आणि खरे सांगायचे तर आपणही कोणाला विचारले नाही.

मग तो विषय आपल्या शनिवारी निघाला. पहिल्या शनिवारी किल्ली कोणाकडे ते शोधायचे ठरले. दुसऱ्या शनिवारी किल्ली आली आणि दारापुढे पत्र्याचा आडोसा करायचा ठरला. तिसऱ्या शनिवारी कोणत्या वारी कोणी पाणी भरायचे त्याची पाळी लागली. आज तेथे आपल्या लेकीसुना निर्धास्त जातात. महिन्यातून एकदा बसलो असतो, तर एवढ्याच कामाला तीन महिने गेले असते, आणि मधल्या दिवसांत आपण ते विसरूनही गेलो असतो.

दुसरी गोष्ट पोलिओची. आपण सगळ्यांनी कडेवर लेकरू घेऊन पोलिओ रविवारी रांग लावलेली आहे. जगातून पोलिओ हटवण्याचे काम रोटरीने १९८५ साली अंगावर घेतले. सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या जोडीने ते आपल्या देशात चालले. पण घरोघर पाय झिजवले ते अंगणवाडीच्या ताईंनी आणि आरोग्य खात्याच्या बायांनी. त्या दारावर खडूने खूण करीत. घरातील सर्व लेकरांना डोस मिळाला तर एक खूण, एखादे राहिले तर फुलीची खूण. फुलीच्या घरी पुन्हा जावयाचे, डोस मिळेपर्यंत जावयाचे. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त ठरला. एवढे मोठे काम कशाने झाले? जे घर राहिले तिकडे पुन्हा जाण्याने.

आपल्या बैठकीत जी बाई दिसत नाही, ते आपले फुलीचे घर समजावे, असे मला वाटते.

येथे कोणी म्हणेल, "रोटरीवाल्यांनीही नियम सैल केला आहे." ते खरे आहे. २०१६ पासून त्यांच्या क्लबांना दर आठवड्याऐवजी महिन्यातून निदान दोन वेळा भरले तरी चालते. पण त्यांच्यापाशी मोटारी आहेत, बँकेत खाते आहे, अडीअडचणीला दहा ओळखी आहेत. आपल्यापाशी काय आहे? एक पत्र्याची पेटी, एक वही आणि एक शनिवार.

आता जे सांगते ते मी आजवर या मंडळात सांगितले नाही.

मागच्या वर्षी मिरचीच्या तोडणीत आपण पाच शनिवार बैठक भरवली नाही. त्याच दिवसांत आमचे मालक बैलगाडीवरून पडले आणि पाय मोडला. हातात पैसा नव्हता. एकेकीच्या दारी जाऊन मागण्यास जीव धजेना. मी व्याजाने देणाऱ्याकडून दहा हजार रुपये आणले, महिना शेकडा पाच रुपयांनी. सात महिन्यांनी फिटले, तेव्हा साडेतीन हजार नुसते व्याज गेले होते. पुढे वही वाचली तेव्हा कळले की त्या दिवशी आपल्या पेटीत चौदा हजार रुपये पडून होते! आपले व्याज शेकडा एक. सात महिन्यांचे सातशेच्या वर गेले नसते, आणि तेही आपल्याच पेटीत राहिले असते.

तुम्ही म्हणाल, मग सांगितले का नाहीस? बायांनो, बैठकीत सगळ्यांबरोबर बसून मागताना लाज वाटत नाही, कारण आज मी मागते, उद्या दुसरी मागणार. तेच एकटीने कोणाच्या उंबऱ्यावर मागणे फार जड जाते. बचत गटाच्या पंचसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब यांच्याही आधी नियमित बैठक सांगितली आहे. ती आधी का, हे मला साडेतीन हजार रुपये भरून समजले.

आणि ठरलेल्या वाराला घराबाहेर पडणे बाईला सोपे कधी होते? १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्या सभांना रमाबाई रानडे जात, तेव्हा घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागत. तरी त्या गेल्या, आणि पुढे पुण्यात सेवासदन उभे राहिले. रोटरीच्या नियमांतसुद्धा १९८९ पर्यंत सभासदत्व पुरुषांनाच होते. म्हणून मँचेस्टर शहरात मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी १० जानेवारी १९२४ रोजी रोटरीवाल्यांच्या घरच्या बायांची इनर व्हील ही संस्था उभी केली. आपल्याला तर कोणी अडवले नाही. मिळालेला वार आपणच का सोडावा?

म्हणून माझे मागणे एवढेच. शनिवार राहू द्या. तोडणीच्या दिवसांत रात्री जेवणे झाल्यावर बसू. एक तास, त्याच्यावर नाही. आधी वही वाचू, मग अडचणी ऐकू, मग गावचे काम. घंटा नसली तर तांब्यावर चमचा वाजवू. आणि जी आली नाही, तिच्या घरी शेजारणीने त्याच रात्री डोकावून यावे. "का आली नाहीस?" असे न विचारता, "बरे आहे ना?" असे विचारावे.

मागच्या वर्षी माझ्या दारी कोणी असे डोकावले असते, तर मी सगळे सांगून टाकले असते.

  येत्या शनिवारी भेटूच.