दुसऱ्या वर्गाचे दार



प्रवाशाच्या अपेक्षा वाढल्या की त्यास चैन म्हणून नाक मुरडण्याची आपल्यात एक खोड आहे. ती सोडली पाहिजे. १९७४ साली रेल्वेतील तिसरा वर्ग नावापुरता गेला. लाकडी बाक राहिले. १९७७ साली प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर दोन इंच फोम आला. वरच्यांना खाली ओढण्यापेक्षा खालच्यांना वर उचलावे, ही त्यामागील दृष्टी होती.

आज मुंबईत काय दिसते? २०१७ साली वातानुकूलित लोकल आली. तिची दारे मिटल्यावरच गाडी सुटते. म्हणजे जीव वाचविणारे दार कित्येक पट भाडे देणाऱ्यास आणि दारात लोंबकळणे साध्या प्रवाशास! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ असेच लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही मिटणारी दारे आणि खेळती हवा देण्याचे रेल्वेने जाहीर केले.

सवयीही धोरणानेच घडतात. २०१९ साली बेस्टने किमान भाडे पाच रुपये केले, तेव्हा दुरावलेले प्रवासी परतले. २०२५ साली तेच भाडे दहा रुपये झाले.

अपेक्षा हक्क म्हणून पुरी व्हावी की पैशाने विकत घ्यावी, हा खरा वाद आहे. जाहीर झालेले ते दार साध्या भाड्यातच पदरात पडेपर्यंत आपण फलाटावरून हलता कामा नये.