वजनकाटा आणि पाट



 आहारतज्ज्ञांच्या या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवते. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, आणि ती गेली बारा वर्षं माझ्या मनात आहे.

बारा वर्षांपूर्वी अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या. वजन ८१ किलो, मधुमेह नुकताच निघालेला, गुडघे दुखत होते. घर शाकाहारी. कुणा नातेवाइकाकडून त्यांनी कीटो आहाराबद्दल ऐकलं होतं आणि तोच करायचा असं ठरवून आल्या होत्या. मी आखून दिला. दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. पोळी, भाकरी, भात बंद, डाळ बंद, फळं जवळजवळ बंद. लोणी, तूप, खोबरं, थोडं पनीर आणि पालेभाज्या सुरू. पाच महिन्यांत ११ किलो उतरले. साखर आटोक्यात आली. त्यांच्या वजनाचा उतरता आलेख मी नव्यानं येणाऱ्यांना दाखवायला लागले.

सहाव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "मॅडम, परवा पूजेला पाटावर बसले होते. उठताना सुनेचा हात धरावा लागला. आधी नव्हता लागत."

अंगावरचा भार ११ किलोंनी हलका झाला होता आणि उठणं मात्र जड झालं होतं. पाच महिने मी त्यांना काट्यावर उभं करत होते. काट्यानं मला खरं तेच सांगितलं. पण मी त्याला एकच प्रश्न विचारत होते, किती गेलं. काय गेलं, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक माझी होती आणि तिचं मोल त्यांच्या मांड्यांनी दिलं.

तरीही कीटोला झोडपायला मी इथे उभी नाही. या आहाराचा जन्म वजन घटवण्यासाठी झालाच नव्हता. उपवासात अपस्माराचे झटके कमी होतात, हे फार जुनं निरीक्षण. पण मुलाला कायमचं उपाशी कसं ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की जेवतं ठेवूनही शरीरात उपवासाची स्थिती आणता येईल. त्यासाठी ताटात जवळजवळ सगळी चरबीच हवी. शास्त्रीय कीटो आहारात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम असतील तर चरबी ४ ग्रॅम असते. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं आणि हा कष्टाचा आहार मागे पडला. गोळी द्यायला सोपी, आणि या आहारात प्रत्येक घास तोलून द्यावा लागतो. पण औषधांना न जुमानणारे झटके उरलेच. २००८ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी अशा १४५ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातल्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त कमी झाले होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. या सभागृहात असे काही जण आहेत, जे आजही एकेका मुलासाठी ग्रॅमचा हिशेब मांडून हा आहार चालवतात. त्यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. त्यात मलावरोध, मूतखडा, खुंटलेली वाढ या सगळ्यांवर नजर ठेवावी लागते, हे त्यांना कुणी सांगायला नको. मोबाइलवर तीस सेकंदांत शिकवला जाणारा कीटो आणि यांचा कीटो यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही.

आता वजनाकडे येते. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो कमी झालेला माणूस आपल्याकडे उजळ चेहऱ्यानं येतो. त्याला काय झालं ते आपण नीट सांगायला हवं. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या चार-पाच पट ग्लायकोजेन साठवलेलं असतं. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं तोडली की हा साठा आटतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. इन्सुलिन उतरल्यानं मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात, त्याच्याबरोबर आणखी पाणी. मग डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ही घट चरबीची नाही. एका लग्नाच्या पंगतीनं ती परत येते आणि माणूस समजतो की एका जेवणानं आपण दोन किलो जाडे झालो. या गैरसमजापायी किती जणांनी आहार अर्ध्यावर सोडला असेल!

पुढच्या महिन्यांत चरबीही घटते, हे खरं आहे. भूक मंदावते, खाणं आपोआप कमी होतं. पण वर्षभराच्या अंतरावर पाहिलं तर चित्र पालटतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ माणसांपैकी काहींनी कमी चरबीचा, काहींनी कमी कर्बोदकांचा आहार बारा महिने घेतला. तो काटेकोर कीटो नव्हता, हे लक्षात ठेवू. घट एका गटात सरासरी ५.३ किलो, दुसऱ्यात ६ किलो. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाही. प्रत्येक गटात मात्र काहींचं वजन खूप उतरलं, काहींचं उलट वाढलं. म्हणून "कोणता आहार चांगला?" या प्रश्नाला मी हल्ली "तुम्ही दोन वर्षांनी कोणता खात असाल?" असा उलट प्रश्न विचारते.

आणि स्नायू? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. कीटोचे समर्थक म्हणतात, कीटोन स्नायू वाचवतात. टीकाकार म्हणतात, कीटो स्नायू खातो. दोघांच्याही हाताशी पुरावा आहे.

समर्थकांचा पुरावा बोस्टनच्या डॉ. जॉर्ज काहिल यांच्या कामातून येतो. मेंदूला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. उपाशी माणसाच्या यकृतातला साठा दिवसभरात संपतो. चरबीपासून ग्लुकोज फारसं बनत नाही, ते प्रथिनांपासून बनतं आणि प्रथिनांचं कोठार म्हणजे स्नायू. उपवासाच्या सुरुवातीला लघवीतून दिवसाला १२ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन जातो. सव्वासहानं गुणा: ७५ ग्रॅम प्रथिनं. ओल्या स्नायूच्या हिशेबात ३०० ग्रॅमहून जास्त. या वेगानं माणूस काही आठवड्यांत अंथरुणाला खिळायला हवा, पण तसं होत नाही. १९६७ मध्ये काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं, तेव्हा कोडं सुटलं. मेंदूनं इंधन बदललं होतं. त्याची दोन-तृतीयांशाच्या आसपास गरज चरबीपासून बनलेले कीटोन भागवत होते. नायट्रोजनची गळती दिवसाला तीन-चार ग्रॅमवर आली होती. दुष्काळात माणसाची जात टिकली ती या व्यवस्थेच्या बळावर. मला आजही हा शोध वाचताना भरून येतं.

पण हे संपूर्ण उपाशी माणसाचं गणित आहे. गळती कमी झाली, थांबली नाही. शिवाय ती कमी व्हायला काही आठवडे लागले. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १७ पुरुषांना आठ आठवडे रुग्णालयात ठेवलं होतं. आधीचे चार आठवडे भरपूर कर्बोदकं, नंतरचे चार कीटो. उष्मांक आणि प्रथिनं तेवढीच. कीटो सुरू झाल्यावर वजन भराभर उतरलं, चरबी घटण्याचा वेग मात्र सुरुवातीला मंदावला, आणि नायट्रोजनची गळती वाढली. म्हणजे स्थित्यंतराचा काळ स्नायूंना महाग पडतो.

टीकाकारांचीही एक गल्लत आहे. जिममधलं यंत्र "चरबीविरहित वजन" म्हणून जो आकडा देतं, त्यात ग्लायकोजेन आणि पाणीही मोजलं जातं. पहिल्या पंधरवड्यात तो आकडा दीड-दोन किलोंनी घसरला तर सगळा स्नायू गेला असं समजून घाबरायचं कारण नाही. स्नायूचा खरा हिशेब दोन-तीन महिन्यांनी, आणि तोही ताकदीनं करावा. पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम असेल तर कीटोवरही स्नायू बऱ्यापैकी टिकतो. या दोन गोष्टी नसतील तर कोणत्याही आहारानं तो जातो. माझ्या त्या बाईंकडे दोन्ही नव्हत्या.

का नव्हत्या? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. चार भाकऱ्या म्हणजे ढोबळमानानं २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं. ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिनं, पण त्याबरोबर सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकं. आपल्या शाकाहारी घरांत प्रथिनं आणि कर्बोदकं एकाच दाण्यात येतात. अंडी, मासे, मटण खाणारा माणूस भाकरी सोडतो तेव्हा कर्बोदकं सोडतो. शाकाहारी बाई भाकरी-वरण सोडते तेव्हा दिवसाची निम्मी प्रथिनंही सोडते, आणि ती जागा लोण्यानं भरते. मी आखून दिलेल्या त्या आहाराचा हिशेब मी नंतर मांडला. दिवसाची प्रथिनं ३५ ग्रॅमच्या आत होती. वजन ८१ किलो! आयसीएमआरची निरोगी प्रौढांसाठीची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन उतरवताना, आणि त्यातही पन्नाशीनंतर, मी आता १.२ ग्रॅमच्या खाली जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर अर्थातच डॉक्टरांशी बोलून.

आपल्याला हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. ते सिद्ध करायला फार लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांवरच्या त्यांच्या कामातून दिसलं की आपली बाळं वजनानं लहान असतात, पण त्यांच्यात कमतरता स्नायूंची जास्त आणि चरबीची कमी असते. म्हणजे स्नायूंच्या खात्यात मुळातच शिल्लक थोडी. त्यातून उचल करताना हात थरथरायला हवा.

मग भाकरी-भाताला हातच लावू नये का? लावावा. आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. ताट बदलायलाच हवं. पण दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत उतरायची गरज फार थोड्यांना असते. चारच्या दोन भाकऱ्या, पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, मूठभर शेंगदाणे. खाणाऱ्यांना अंडी, सुकट, बोंबील. एवढ्यानंही साखर उतरते आणि डाळ ताटात राहते. हा आहार दिसायला नाट्यमय नाही. त्याचा व्हिडिओ कुणी पुढे पाठवणार नाही. मला तोच पटतो.

एक गोष्ट मात्र आज कळकळीनं सांगायची आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची औषधं घेणाऱ्या माणसानं कर्बोदकं एकदम तोडली तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही जीवघेणा कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं "कीटोचा त्रास" म्हणून घरीच सोसली जातात. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आहे आणि घरोघरी पोचली आहे. पहिल्या भेटीत औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावल्याशिवाय आहाराचा कागद लिहू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या मात्राही डॉक्टरांकडून आधी बदलून घ्याव्या लागतात.

माझं मागणं छोटं आहे. तुमच्या दवाखान्यात वजनकाट्याशेजारी एक खुर्ची ठेवा, हात नसलेली. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला सांगा आणि घड्याळ लावा. आशियाई देशांसाठीच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. हाताची पकड मोजा. पुरुषांची २८ किलोंच्या खाली, बायकांची १८ च्या खाली असेल तर स्नायू दुबळे. दर महिन्याला वजनासमोर हे दोन आकडे लिहा. वजन उतरतंय आणि सेकंद वाढतायत, असं दिसलं की आहार तिथेच थांबवून दुरुस्त करा.

त्या बाईंचा आहार मी तसाच दुरुस्त केला. डाळ, दही, उसळी परत आल्या, भाकरी एक-एक. रोज खुर्चीवरून उठण्याचे तीन फेरे, पुढे दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या. गेलेल्या ११ किलोंपैकी चार परत आले. साखर थोडी वर सरकली, गोळीची मात्रा वाढवावी लागली. हे मी लपवत नाही. हे सगळं व्हायला आठ महिने लागले.

बाहेरच्या दालनात जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी पकड मोजायचं यंत्र आणि एक वही ठेवली आहे. सकाळी मी माझी पकड मोजली: उजवा हात २१ किलो, डावा १९. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. ताट हातात घेण्याआधी प्रत्येकानं आपला आकडा, वय घालून, त्या वहीत लिहावा. पुढच्या अधिवेशनात हीच वही पुन्हा उघडायची आहे.