पंखाखालची ऊब

वाङ्मय आणि राजकारण ऐकायला येणाऱ्या सभेपुढे कोंबडीच्या पिल्लांचा विषय मांडला, तर कोणाला हसू येईल. परंतु ज्या खेड्यातल्या बाईचा मीठमिरचीचा खर्च चार कोंबड्यांवर भागतो, तिला दहा पिल्लांतली आठ जगली की दोन, हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

विजेच्या दिव्यावाचून पिल्ले जगत नाहीत, असा समज आज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. नुकत्याच फुटलेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 35 अंश सेल्सिअस उष्णता हवी असते, आणि पुढे ती दर आठवड्याला थोडथोडी कमी करतात. हे खरे. पण दिवा लागतो तो आईवेगळ्या पिल्लाला.

खुडूक कोंबडी 21 दिवस अंडी उबवते. तिच्या अंगाची उष्णता सुमारे 41 अंश असते. पिल्ले दिवसभर तिच्या पंखाखाली बसत नाहीत. ती बाहेर पडतात, दाणे टिपतात, गारठली की आत शिरतात. ऊब किती घ्यावी हे पिल्लू ठरवते, केव्हा द्यावी हे आई ओळखते. पाच-सहा आठवड्यांत पिसे भरली, की हे देणेघेणे आपोआप संपते.

मग अशी आई दुर्मिळ का झाली? खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते. अंड्यांच्या व्यापाराला ते परवडत नाही. म्हणून व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करीत करीत माणसाने हा गुण जवळजवळ घालवला. अंडी वाढली, आई गेली, आणि तिच्या जागी दिवा आला! गावठी कोंबडीत हा गुण अजून टिकून आहे. खुडूक झाली म्हणून तिला पाण्यात बुचकळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

विकत आणलेली एक-दोन दिवसांची पिल्ले अशा कोंबडीखाली रात्री अलगद सोडली, तर ती बहुधा त्यांना आपली मानते. एकीकडे दहा-बारांहून अधिक देऊ नयेत. पंखाबाहेर राहिलेले पिल्लू गारठते.

मात्र आईच्या भरवशावर सारेच सोडू नये. घार आणि मुंगूस यांच्यापुढे तिचे शौर्य अपुरे पडते; पहिले काही दिवस डालग्याचा आसरा हवा. जमीन कोरडी हवी, पाणी उथळ भांड्यात हवे. आणि मानमोडीपुढे, म्हणजे राणीखेत रोगापुढे, कोणत्याही पंखाचे काही चालत नाही. तिथे पहिल्या आठवड्यातली लसच उपयोगी पडते. खुडूक कोंबडी नसेल, तर भर पावसाळ्यात दिव्यावाचून पिल्ले वाढवण्याचे धाडस करू नये.

जे काम आई करते ते तिला करू द्यावे, आणि जे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे ते आपण करावे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.