औषधाचा हिशेब कोठे संपतो?

(करडी, जि. भंडारा येथील व्याख्यान)



धान पिकविणाऱ्या मुलखात हिशेब कशाला म्हणतात हे सांगावे लागत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धान मोजून घातले की शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. कोणाचे किती क्विंटल, कोणत्या तारखेस, हे सारे तीवर असते. त्याच शेतकऱ्याच्या घरातील माणूस सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेऊन येतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक चिठ्ठी असते आणि ती पावसाळा उलटेपर्यंत टिकत नाही. धानाचा हिशेब माणसाच्या नावे आणि औषधाचा हिशेब भांडाराच्या नावे, अशी ही व्यवस्था आहे. तिची किंमत कोण मोजतो, हा आजचा प्रश्न.

सपाट मुलखात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासनाचा निकष आहे. तेथील औषधभांडार सांभाळण्याचे काम औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे असते. आवक-जावक, शिल्लक, मुदत संपण्याची तारीख हे सर्व त्याने लिहावयाचे आणि ‘ई-औषधी’ या संगणकीय पद्धतीत भरावयाचे. हे काम आवश्यकच आहे. परंतु खिडकीतून गोळ्या बाहेर गेल्या की भांडाराच्या दृष्टीने त्या ‘खर्ची’ पडतात आणि हिशेब तेथेच संपतो. रोग्याच्या दृष्टीने खरा हिशेब तेथून सुरू होतो. गोळी कोणी घेतली, किती दिवस घेतली, सोबत दुसरे कोणते औषध चालू होते, गुण आला की अपाय झाला, हे त्या वहीला ठाऊक नसते.

हे नुसते कारकुनी अपुरेपण नव्हे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सारी कीड उघड केली, हे सर्वश्रुत आहे. त्यातील एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मृत्यू पावणाऱ्यांच्या औषधांत ग्लिसरॉल हा समान दुवा आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानी येऊ शकले. कारण रुग्ण एका छपराखाली होते आणि कोणास काय दिले हे कळण्याची सोय होती. तेच औषध चौदा गावांतील चौदा घरांत गेले असते, तर चौदा मृत्यूंची चौदा निरनिराळी कारणे सांगितली गेली असती आणि त्यांतील निम्मी नशिबाच्या खाती पडली असती.

ही भीती काल्पनिक नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ साली घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या नमुन्यात ते औषध मुळी नव्हतेच, असे प्रयोगशाळेत निष्पन्न झाले. उरलेला साठा कोठे आहे हे भांडाराची वही सांगू शकते. पण त्याआधी त्या गोळ्या कोणाच्या पोटात गेल्या आणि कोणाचा ताप त्यामुळे उतरला नाही, हे सांगावयास रोग्याच्या नावाशेजारी औषधाचा बॅच क्रमांक लिहिलेला असावा लागतो.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. देणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. करडीचा रोगी तुमसरला जातो, भंडाऱ्यास जातो, शेवटी नागपूरच्या मेडिकलमध्ये पोहोचतो. मध्यंतरी खाजगी डॉक्टरांकडेही जाऊन येतो. प्रत्येक ठिकाणच्या गोळ्या एकाच पिशवीत जमा होतात. सरकारी केंद्रातून मिळालेली रक्तदाबाची ॲम्लोडिपिन आणि खाजगी दुकानातून वेगळ्या व्यापारी नावाने घेतलेली तीच ॲम्लोडिपिन, अशा दोन्ही गोळ्या एखादी वृद्धा श्रद्धेने घेत राहते. मग तिला घेरी येते, आणि दोष वयाला दिला जातो. हाथी समितीने १९७५ साली औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात न आल्याचे फळ ही पिशवी होय.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांतील अनेकांना हायड्रॉक्सीयुरिया दीर्घकाळ घ्यावे लागते आणि ते घेत असता रक्तपेशींची मोजणी वेळोवेळी करावी लागते. औषध दिले आणि नोंद ठेवली नाही, तर निम्मेच उपचार झाले.

नोंद ठेवणे खेड्यात जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना क्षयरोगाचे उत्तर देता येते. १९५६ नंतर मद्रासमध्ये झालेल्या प्रयोगाने सिद्ध केले की, गरीब वस्तीतल्या घरी राहून औषध घेणाऱ्या रुग्णास आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच गुण येतो. त्या प्रयोगात घरभेटी होत्या, गोळ्यांची मोजदाद होती, लघवीची तपासणीही होती. त्याच वाटेने पुढे क्षयरुग्णाचे कार्ड आले. एका रोगासाठी जे जमले ते रक्तदाब, मधुमेह व सिकलसेलसाठी अशक्य का मानावे?

मात्र नोंदीचा बडगा एकट्या रोग्यावर उगारला जाऊ नये. त्याने एकही मात्रा चुकवू नये असे बजावणाऱ्या शासनाकडेच क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगावे लागले. चुकलेली मात्रा कोणी चुकवली, हेही लिहिले गेले पाहिजे. तामिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून मध्यवर्ती खरेदी, जिल्हा गोदामे, वाटपापूर्वी तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक अशी घडी बसविली. महाराष्ट्राने स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा २०२३ साली केला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण खिडकीवर ‘बाहेरून आणा’ हे शब्द ऐकू आले, की नि:शुल्क या शब्दाचा अर्थ सरतो.

यास्तव तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. पहिली, प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाजवळ त्याची स्वत:ची औषधवही असावी. तीत औषधाचे मूळ नाव, मात्रा, तारीख व बॅच क्रमांक मराठीत लिहावा, आणि खाजगी डॉक्टरांनीही तीतच लिहावे. वही रुग्णाच्या मालकीची राहावी. तिच्यातील माहिती विमा कंपनीच्या वा औषध कंपनीच्या हाती जाऊ नये. दुसरी, औषधनिर्माण अधिकाऱ्याला भांडारकामात मदतनीस द्यावा, म्हणजे गोळी कशी घ्यावी हे सांगण्यास त्याला वेळ मिळेल. त्याचे शिक्षण त्याच कामासाठी झालेले आहे. तिसरी, कोणती औषधे किती दिवस उपलब्ध नव्हती याची यादी दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचावी. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे प्रयोग झाले आहेत. ही यादी त्याच परंपरेतली आहे.

वहीला खर्च फार येत नाही. ती लिहिण्यास माणूस लागतो, आणि लिहिलेले वाचून प्रश्न विचारणारे गाव लागते. माणूस नेमणे हे शासनाचे काम आहे. प्रश्न विचारण्यास पुढील ग्रामसभेपासून आरंभ करता येईल.